डॉल्फिनसोबत पोहायचंय, बेळगावहून वीकेंडला कुठं जमेल?

येळ्ळूरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, थोडी माहिती हवी होती म्हणून विचारूलोय. माझा एक दोस्त आहे, पहिलीपासून एकाच बाकावरचा, एकाच विहिरीत पाठीला डबा बांधून आम्ही दोघं पोहायला शिकलो. तो आता बेंगळूरला नोकरीला आहे आणि जानेवारीत जर्मनीला चाललाय, कधी परत येईल सांगता येत नाही. तेच्या आधी एक शनिवार-रविवार दोघंच कुठंतरी जाऊन येऊ म्हणतोय आणि तेच्या डोक्यात एकच आहे, डॉल्फिनसोबत पोहायचं, टाकीतल्या नव्हे, समुद्रातल्या मोकळ्या. गोवा, मालवण, कारवार तिन्ही बघितलं पण पाण्यात उतरू देतात का तेच कळेना. बाईकनं जाणार, डिसेंबरचा पहिला आठवडा. पोहायला दोघांनाही चांगलं येतं पण विहिरीतलं आणि असोग्याला मलप्रभेतलं, समुद्रातलं नाही. कुणी केलंय का असं?

खानापूर_ते_कारवार:
डिसेंबर एकदम बरोबर निवडलाय भावा. पावसाळ्यात बोटी बंदच असतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो. माझं मत विचारशील तर कारवार. खानापूर, रामनगर, जोयडा करून अणशी घाट उतरायचा, सगळा काळी व्याघ्र प्रकल्पाचा जंगलपट्टा आहे, त्यामुळं शुक्रवारी रात्री अजिबात निघू नका, शनिवारी उजाडल्यावर निघा आणि सावकाश जावा. सदाशिवगडाजवळ काळी नदी समुद्राला मिळते. नदीच्या तोंडाशी मासळी भरपूर, म्हणून डॉल्फिन तिथंच, देवबाग आणि कुर्मगडाच्या आसपास दिसतात. आपल्या किनाऱ्याला असतात ते हंपबॅक जातीचे, पाठीवर उंचवटा आणि त्याच्यावर लहानसा पर, ते उथळ पाण्यातच राहतात, खोल समुद्रात लांब जात नाहीत. बोट रविवारी सकाळची घ्या, सात ते नऊ. नंतर वारा सुटला की लाटांवर फेस येतो आणि त्यात पाठ दिसली तरी ओळखू येत नाही.

एक गोष्ट, मॅपवर देवबाग दोन आहेत, एक कारवारचं आणि एक मालवणजवळ तारकर्लीच्या पुढं कर्ली नदीच्या तोंडाशी. बुकिंग करताना नीट बघा, माझ्या मेव्हण्यानं एकदा चुकीच्या देवबागेत रूम घेतलेली.

आणि पोहायचं म्हणशील तर डॉल्फिन जिथं असतात तिथंच पाणी सगळ्यात फसवं. ओहोटीला नदीचं पाणी जोरात समुद्रात ओढतं, विहिरीत पोहणारा कितीही तयार असू दे, तिथं हात चालत नाहीत. मी ह्या बाबतीत कडकच बोलणार, राग मानू नको.

शहापूरची_सून:
मी केलंय हे, मॉरिशसला, तामारिनच्या खाडीत, म्हणून लिहितेय. सकाळी लवकर नेलं, आम्ही पोचेपर्यंत दहा-बारा बोटी होत्या. कळप दिसला की सगळ्या बोटी पुढं जाऊन आडव्या लागायच्या, मग शिट्टी, की आम्ही धपाधप उड्या मारायच्या. डॉल्फिन खाली बुडी मारून निघून जायचे, आम्ही परत वर, परत बोट पुढं, असं पाच-सहा वेळा. मला चार सेकंद पांढरं पोट दिसलं असेल. तेव्हा भारी वाटलं पण परत आल्यावर वाचलं आणि फार वाईट वाटलं. ते स्पिनर जातीचे डॉल्फिन रात्रभर खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा उथळ खाडीत विश्रांतीला येतात. त्यांची झोप पण वेगळी, अर्धा मेंदू झोपतो आणि अर्धा जागा, कारण श्वास घ्यायला वर यावं लागतं. म्हणजे आम्ही त्यांच्या झोपायच्या वेळी जाऊन उड्या मारत होतो. ह्याच कारणानं अमेरिकेनं हवाईत २०२१ पासून स्पिनरसोबत पोहायला बंदी केलीय, ५० यार्डाच्या आत जायचंच नाही. न्यूझीलंडनं पण बे ऑफ आयलंड्समध्ये २०१९ ला बॉटलनोजसोबतचं पोहणं बंद केलं.

आपल्याकडं तर डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघासारखंच संरक्षण, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, पाठलाग करून हाकणं, आमिष दाखवणं हेही त्यातच येतं. तुमच्या दोस्ताला हे सांगा, जर्मनीला जाणारा माणूस आहे, समजून घेईल.

निपाणी_बॉर्डर:
ताईंचं पटलं. मी गोव्यात एका बोटीतनं गेलेलो, नाव घेत नाही, बोटवाल्यानं पिल्लू असलेल्या मादीच्या मागं इंजिन ताणलं आणि लोक ओरडत होते आणि शिट्ट्या. पिल्लाला आईएवढं बुडी मारून राहता येत नाही, ते सारखं वर येत होतं. मला अजून ते डोळ्यासमोर येतं. त्यामुळं बोट ठरवायच्या आधीच बोला, की लांब थांबायचं, वेग कमी, मागनं किंवा समोरनं आडवं जायचं नाही, बाजूनं समांतर चालवायचं आणि जवळ आले तर इंजिन न्यूट्रलला. असं म्हटल्यावर तोंड वाकडं करणाऱ्याकडं जाऊच नका. बिस्कीट-बिस्कीट टाकायचं नाही. पोहायची हौस असेल तर मालवणला स्नॉर्केलिंग करा, किल्ल्याजवळ खडकातले रंगीत मासे दिसतात, आंबोलीमार्गे सावंतवाडी, कुडाळ करून जाता येतं.

येळ्ळूरचा_पोरगा:
मंडळी, जाऊन आलो, सांगायचं ऱ्हायलेलं. दोस्ताला ताईंची पोस्ट वाचून दाखवली, पहिल्यांदा गप्पच बसला, मग म्हणाला झोपमोड नको करायला. कारवारलाच गेलो. शनिवारी संध्याकाळी नदीच्या तोंडापासून लांब, गावातल्या माणसाला विचारून, लाइफ जॅकेट घालून गळ्याएवढ्या पाण्यात तासभर पोहलो, खारं पाणी आपोआप उचलून धरतं हे पहिल्यांदाच कळलं. रविवारी सकाळी एका वयस्कर बोटवाल्यासोबत गेलो, तेनं स्वतःच इंजिन बंद केलं आणि म्हणाला थांबा, येतील. वीस मिनिटं काहीच नाही. मग आधी आवाज आला, फुस्स करून श्वास सोडल्याचा, आणि मग पाठ. पाच होते, त्यात एक पिल्लू आईला चिकटून. दोस्तानं फोन खिशातनं काढलाच नाही. येताना अणशीत चहाला थांबलो तरी तो त्या आवाजाबद्दलच बोलत होता, की एवढ्या जवळनं श्वास ऐकू येईल असं वाटलं नव्हतं.

आता जायच्या आधी तेला आईला पण दाखवायचंय. त्यांचे गुडघे दुखतात, वाळूवरनं पाण्यात उतरून बोटीत चढणं जमणार नाही, तर कारवारात धक्क्यावरनं सरळ पाय टाकता येईल अशी बोट कुठं मिळेल, कुणाला माहीत असेल तर सांगा की.