पिंप लवंडून डेंगू जात नाही

‘वस्तीतले लोकच पाणी साठवून ठेवतात, मग डेंगू होणारच’ असं सर्रास म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. साठवतात, कारण नळाला पहाटे जेमतेम तासभर पाणी येतं, तेही रोज नाही. आमच्या गल्लीत फवारणीवाले यायचे, भरलेली पिंपं लवंडायचे आणि निघून जायचे. पुढच्या खेपेला बायका दारंच उघडायच्या नाहीत. (मीही उघडलं नव्हतं.)

डेंगूबद्दल बोलताना महिला आरोग्य समितीचा, म्हणजे वस्तीतल्याच बायकांच्या गटाचा, विषय कुणी काढत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात साधारण ५० ते १०० घरांमागे अशी एक समिती आणि तिला वर्षाला ५,००० रुपये, अशी तरतूद आहे. रक्कम चिल्लरच. पण आमच्या समितीने त्यातून सायकलच्या जुन्या ट्यूब आणल्या, कापून रिंगा केल्या आणि पिंपांच्या तोंडावर जुन्या सुती साडीचे दुहेरी तुकडे ताणून बसवले. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं करायचं; आमच्याकडे शुक्रवार ठरला. आता फवारणीवाले आले की बायका आधी विचारतात, ‘कापड काढून बघता, की तसेच जाता?’