विषय: रियाचं भायखळ्याला जाणं – ओसीआय चालेल का?

प्रेषक: अनघा

मंडळी, घाईत लिहितेय. आमच्या लेकीच्या, रियाच्या चर्चचा तरुणांचा गट नाताळच्या सुट्टीत मुंबईला चाललाय, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. बाकीच्या मुलांचे ई-टुरिस्ट व्हिसाचे फॉर्म भरून झाले. हिच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड, त्यावर व्हिसा लागत नाही), म्हणून आम्ही निवांत होतो. काल त्यांच्या गटप्रमुखाने विचारलं, ओसीआयवर मिशनचं काम चालतं का? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. "तिथे कोण विचारतंय" हे घरात ऐकून झालंय, ते नको.

प्रेषक: श्रीकांत

विचारतात. गृहमंत्रालयाची 4 मार्च 2021 ची अधिसूचना काढून बघ. ओसीआयवाल्यांना मिशनरी, तबलीग (मुस्लिम धर्मप्रचार), गिर्यारोहण, पत्रकारिता आणि संशोधन यांसाठी खास परवानगी लागते, एफआरआरओची (भारतातलं परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं कार्यालय) किंवा भारतीय वकिलातीची. मी तेव्हा याच लिस्टवर टाकलं होतं. कुणी वाचलं नाही, कारण सगळे पुरणपोळीच्या ऑर्डरीवरून भांडत होते.

पण अनघा, आधी सांग, ती तिथे करणार काय?

प्रेषक: अनघा

शाळेतल्या मुलांना इंग्रजी गोष्टी, हस्तकला, एका वर्गाला रंग. रविवारी उपासनेत दोन गाणी आणि गटप्रमुखाची साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सगळ्यांसमोर सांगणं. रिया म्हणते, आम्ही फक्त मदतीला चाललोय. चर्चच्या दारातल्या पोस्टरवर मात्र हातभर अक्षरात "मुंबई मिशन" लिहिलंय. मग हे मदतीत धरायचं की मिशनमध्ये?

प्रेषक: दिलीप

सर्वांना नम्र आठवण : ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. धार्मिक विषय इथे नकोत असं कार्यकारिणीत ठरलंय. कोजागिरीची वर्गणी अजून बऱ्याच जणांची यायची आहे.

प्रेषक: मेधा

दिलीप, आपला गणपती बसतो कुठे? चर्चच्या तळघरात. तेव्हा धार्मिक विषय कुठे जातो?

प्रेषक: दिलीप

मेधाताई, भाडं भरतो आपण. शिवाय त्या स्वयंपाकघरात तळण करू देत नाहीत, म्हणून तर मोदक उकडीचे करावे लागतात.

प्रेषक: मेधा

उकडीचेच करायचे असतात!! तळणीचे मोदक हा तुमच्याकडचा प्रकार.

प्रेषक: श्रीकांत

मोदकांसाठी वेगळा धागा काढा.

अनघा, व्हिसावाली मुलंही मोकळी नाहीत. ई-टुरिस्टवर महिन्याभरापर्यंतचं बिनपगारी स्वयंसेवेचं काम चालतं. उपासनेला जाऊन बसणंही चालतं. धर्मस्थळी भाषण करणं, पत्रकं वाटणं, धर्मप्रचार हे चालत नाही, त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. म्हणजे वर्गाचा रंग ठीक आणि साक्ष अडचणीची. गटप्रमुखाने आधी स्वतःचं बघावं.

प्रेषक: रोहिणी (भायखळा)

अनघा बाळ, मी परत आल्याला बरीच वर्षं झाली तरी लिस्ट सोडलेली नाही, म्हणून बोलते. ज्या शाळेत रिया येणार आहे तिच्या मागच्याच गल्लीत आमचं घर, आणि पाहुण्यांची व्यवस्था आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकाच बघतात.

कागदांची ही कटकट आजची नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत धाडायचा हुकूम काढला होता. गव्हर्नर नेपियन साहेबाला पत्रांवर पत्रं लिहून ते कसेबसे टिकले. नॉट तब्येतीपायी लवकर परत गेला. हॉल मराठी शिकला, इथेच राहिला आणि 1826 मध्ये दौऱ्यावर असताना पटकीने वारला. त्यांच्याच अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये "ज्ञानोदय" हे नियतकालिक सुरू केलं. नाताळच्या सुट्टीपुरतं येणाऱ्याने निदान एवढं वाचून यावं, नाहीतर आमच्या लोकांना येशूची ओळख करून द्यायला निघाल्यासारखं वागतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं आम्ही टाळ-पेटीवर म्हणतो. रियाच्या गटाची दोन गाणी आम्ही ऐकू, पण एक आमचं शिकून म्हणावं.

आता रंगाचं. मागे एक गट असाच वर्ग रंगवून गेला. भिंतीला ओल होती. आमचा पेंटर सांगत होता की आधी खरवडा, पुट्टी भरा, आठवडाभर वाळू द्या. त्यांना शनिवारी परतायचं होतं. ओल्या भिंतीवर आकाशी ऑइलपेंट फासला, त्यावर पंजे उमटवले, फोटो काढले. जुलैत बाकावर पापडाएवढे पोपडे पडायला लागले. त्याच पेंटरने सगळं काढून पुन्हा केलं, पैसे आमच्या चर्चच्या पंचकमिटीने दिले. त्यांच्या पत्रकात फोटो छापून आला, त्यात "गरीब वस्तीतला मुलगा" म्हणून जो हसतोय तो आमच्या शेजारच्या बँक मॅनेजरचा नातू. तो आता सीए करतोय. घरी अजून त्याला त्याच नावाने चिडवतात.

येऊ नये असं म्हणत नाही. पोरं चांगली असतात, जाताना रडतात. पण ती येतात म्हणजे आम्ही आठवडाभर बिनमिरचीचा रस्सा करतो, बाटलीबंद पाण्याचे खोके दुसऱ्या मजल्यावर चढवतो आणि सुट्टी लागलेल्या मुलांना घराघरांतून गोळा करून वर्गात आणून बसवतो, हे त्यांच्या गटप्रमुखाच्या कानावर घाल.

प्रेषक: प्रकाश

रोहिणीताईंचं पटलं, तरी एक सांगतो. आमचा चिरंजीव मित्राच्या चर्चबरोबर होंडुरासला घरं बांधायला गेला होता. आम्ही काही ख्रिस्ती नाही. परत आल्यावर त्याने आम्हाला फार छळलं. बाबा, शॉवर किती वेळ? आई, एवढे जोडे कशाला? मग ते ओसरलं, आणि त्याचेच जोडे आता आईपेक्षा जास्त आहेत. पण तिथल्या गवंड्याशी दोन शब्द बोलता येत नव्हते याची त्याला इतकी लाज वाटली की स्पॅनिश शिकला. आता शनिवारी इथल्या मोफत दवाखान्यात रोग्यांसाठी दुभाष्याचं काम करतो. होंडुरासला त्याचा किती फायदा झाला कोण जाणे, बहुतेक नाहीच. भिंत त्याच गवंड्याने सरळ केली म्हणे.

प्रेषक: दिलीप

प्रकाशराव, शनिवारी दवाखाना म्हणजे दिवाळीच्या नाटकाच्या तालमीला चिरंजीव नाहीत असं धरू का?

प्रेषक: रिया (आईच्या अकाउंटवरून)

रोहिणीआजी, माझं मराठी लिहिणं आई तपासते आहे. मागच्या वर्षी आम्ही ग्वाटेमालात लहान मुलांच्या एका आश्रमात होतो. एक अडीच वर्षांचा मुलगा सतत माझ्या कडेवर असायचा. निघताना त्याने माझी ओढणी सोडली नाही, तिथल्या बाईंनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. त्या मला म्हणाल्या, दर महिन्याला हा असाच रडतो. तोपर्यंत मला वाटत होतं की तो माझ्यासाठी रडतोय. त्यानंतर बरेच दिवस मी चर्चमध्ये त्या सहलीबद्दल बोलायला नाही म्हणत होते.

म्हणून यावेळी मला लहान मुलांचं काम नको. शाळेत वाचनालय आहे ना? पुस्तकांची यादी करायची असेल तर मी करीन. देवनागरी टाइप करता येतं. आणि मी श्रद्धेपोटीच येतेय, तर अर्जात ते लपवून "सहल" लिहायला मला आवडणार नाही.

प्रेषक: श्रीकांत

शाब्बास. मग वकिलातीकडे सरळ परवानगी माग. गटाचं पत्र, शाळेचं पत्र, कामाची तपशीलवार यादी जोड. साक्ष, पत्रकं यांत तू नाहीस हे स्पष्ट लिही. परवानगी आली नाही तर मात्र गटाबरोबर जायचं नाही. मावशीकडे म्हणून जाऊन तेच काम करायचं, असली पळवाट कुणी सुचवू नये. नितीन, तुलाच म्हणतोय.

प्रेषक: अनघा

अर्ज आज गेला. गटप्रमुखाला रोहिणीमावशींची मेल भाषांतर करून पाठवली. साक्ष रद्द केली आहे, रंगाचं अजून तो ऐकत नाहीये.

प्रेषक: रोहिणी (भायखळा)

त्याला पेंटरचा नंबर देते, त्याच्याशीच बोलू दे. रिया, वाचनालयात चार कपाटं आहेत, त्यातल्या दोन कपाटांना वाळवी लागलीय, मास्क घेऊन ये. कव्हरांचा ब्राउन पेपर इथे मिळतो, तिकडून वाहून आणू नकोस. आणि दिलीप, मला कोजागिरीच्या वर्गणीची आठवण दरवर्षी येते. मी भायखळ्यात आहे रे.