सोलर दुरुस्त करायचा, गॅस गीझर घ्यायचा की हीट पंप बसवायचा : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी (बी-401): नमस्कार मंडळी. टेरेसवरच्या सोलर वॉटर हीटरची दोन कोटेशनं आलीत. ट्यूब बदलणं, क्षार काढणं, पाइपला नवीन इन्सुलेशन, सगळं धरून फ्लॅटमागे साधारण 4,000. आणि जुनं सगळं काढून सेंट्रल हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेचं यंत्र) बसवला तर फ्लॅटमागे 22,000. मीटिंगच्या आधी इथेच बोलून घ्या म्हणजे तिथे आरडाओरडा नको.

सी-501: सेक्रेटरी साहेब एक तिसरा पर्याय पण आहे की सोलर बंद करून टाका, ज्याने त्याने पीएनजीवर, म्हणजे पाइपच्या गॅसवर, गॅस गीझर लावावा. आम्ही लावलाय, बटण दाबायचं नाही की वाट बघायची नाही, नळ सोडला की गरम पाणी, आणि लाइट बिल एकदम खाली आलं.

ए-102: पहिल्या मजल्यावर सोलरचं गरम पाणी येईपर्यंत दोन-तीन बादल्या गार पाणी जातं हो, उन्हाळ्यात टँकर मागवतो आणि थंडीत तेच पाणी मोरीत सोडतो, मला तर जीव तुटतो बघताना. मी शेवटी विजेचा गीझरच लावते.

डी-304: काकू तुमचं म्हणणं शंभर टक्के खरंय पण तो सोलरचा दोष नाही, पाइपचा आहे, त्यावर नंतर बोलतो. आधी खर्चाचं सांगतो कारण मी सगळ्या गोष्टींचं बादलीमागे गणित मांडलंय आणि त्यात एक गोष्ट अशी निघाली की ती सगळ्यांनी बघायलाच हवी.

डी-304: एक लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला 1.16 वॉट-अवर उष्णता लागते, ही काही बदलत नाही, वीज असो गॅस असो लाकूड असो. थंडीत टाकीचं पाणी 20 डिग्रीला असतं आणि आंघोळीला 42 च्या आसपास लागतं, म्हणजे 20 लिटरच्या बादलीला साधारण अर्धा युनिट (1,000 वॉट-अवर म्हणजे एक युनिट). गीझरच्या टाकीतून आणि पाइपातून जी उष्णता जाते ती धरून 0.6 युनिट म्हणा. आता सगळे काय करतात, लाइट बिलाची रक्कम भागिले युनिट करून सरासरी दर काढतात आणि म्हणतात नऊ-दहा रुपयांनी पडतं. तसं नाहीये. महावितरणचे स्लॅब आहेत, पहिल्या 100 युनिटला वहन आकार (वीज आपल्यापर्यंत पोचवण्याचा आकार) धरून साधारण 6 रुपये, 101 ते 300 ला 12 च्या आसपास, 300 च्या वर 16 च्या आसपास, आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क. फ्रिज, पंखे, टीव्ही, दिवे हे तर चालणारच, ते कमी होत नाहीत. म्हणजे गीझरची युनिटं ही नेहमी तुमच्या बिलातली सगळ्यात वरची युनिटं असतात, सगळ्यात महाग दराची. ज्याच्या घरी गीझर सोडून 180 युनिट जळतात त्याला गीझरचं प्रत्येक युनिट 14 रुपयांना पडतं, म्हणजे बादली साडेआठ रुपये. ज्याच्या घरी एसी पण आहे आणि 300 च्या पुढे जातात त्याला बादली 11 रुपये.

सी-501: मी तेच म्हणत होतो.

डी-304: थांब, तुझ्यावर येतोय. पीएनजीच्या एका युनिटात, म्हणजे एका घनमीटरमध्ये, साधारण 10 युनिट विजेइतकी उष्णता असते, गॅस गीझर त्यातली 80 टक्के पाण्याला देतो. दर 50 रुपये धरला तर उपयोगी युनिट सहा रुपयांच्या आसपास, बादली तीन रुपये. सिलेंडरचंही जवळपास तेच येतं. 14.2 किलोत 180 युनिट उष्णता, हातात दीडशे पडतात, सिलेंडर साडेआठशेचा धरला तर पावणेसहा रुपये. म्हणजे चार माणसांच्या घरी रोज चार बादल्या धरल्या तर गॅसवर महिन्याला साडेतीनशे आणि विजेच्या गीझरवर हजाराच्या पुढे. फरक खूप मोठा आहे, हे मी मान्यच करतो. फक्त शॉवर घेणाऱ्यांनी बादलीचा हिशोब स्वतःला लावू नये, दहा मिनिटं शॉवर म्हणजे तीन-चार बादल्या सहज.

बी-203: आम्ही दोघंच असतो, आमचं बिल 90 युनिटच्या वर जात नाही. आम्ही पण गॅस गीझर घ्यावा का?

डी-304: काका तुम्ही अजिबात घेऊ नका. तुमचा गीझर पहिल्या स्लॅबमध्येच बसतो, तुम्हाला बादली चार-सव्वाचार रुपये, गॅसवर तीन. महिन्याला दोघांत सत्तर-ऐंशी रुपये वाचवायला नवीन यंत्र, पाइप, मेकॅनिक कशाला. म्हणून म्हणतो की अमक्याकडे परवडतं म्हणून आपल्याकडे परवडेल असं नसतं, आपलं बिल उघडून कुठल्या स्लॅबला आपण संपतो ते बघायचं.

बी-203: बरं झालं सांगितलंस. आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता, वखारीतून लाकूड यायचं, पहाटे पेटवला की सगळ्या घराच्या आंघोळी. ते स्वस्त होतं का रे खरंच?

डी-304: काका सुक्या लाकडाच्या किलोत साधारण 4 युनिट उष्णता असते पण बंबातून बराचसा भाग धुरांड्यातून जातो, पाण्याला पाव ते तिसरा हिस्साच मिळतो. आज लाकूड विकत घेतलं आणि 10 रुपये किलो धरलं तरी सात ते दहा रुपये युनिट पडतं, गॅसपेक्षा महागच. ज्यांची वाडी आहे, घरचं जळण आहे त्यांना फुकट, पण त्यात घरातल्या बाईने डोळ्यात धूर घेऊन केलेली मेहनत कोणी धरत नाही, ती धरायला हवी.

सी-702: हीट पंपबद्दल कोणी बोलत नाहीये. आमचा मुलगा इंग्लंडमध्ये आहे, तिथे अख्खं घर गरम ठेवावं लागतं, बहुतेक घरांत गॅस बॉयलर, आणि आता सरकार हीट पंप बसवा म्हणतंय. तो म्हणतो एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळते. मग आपण का नको?

डी-304: मॅडम त्याचं बरोबर आहे, हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो म्हणून एकाचे तीन होतात, आणि पुण्याची हवा त्याला तिकडच्यापेक्षा जास्त मानवते. पण त्यालाच विचारा, तिथेही अडतं ते याच गणितावर, कारण तिथे वीज गॅसच्या जवळपास चौपट महाग आहे आणि पंप देतो तिप्पट, मग महिन्याचं बिल काही कमी होत नाही. आपल्याकडे सेंट्रल पंप कॉमन मीटरवर लागणार, आणि आपलं कॉमन मीटर लिफ्ट आणि पाण्याच्या मोटारींमुळे आधीच 500 च्या वर, म्हणजे सगळ्यात महाग स्लॅब, शुल्क धरून 20 च्या आसपास. त्यात लांब पाइपात जाणारी उष्णता. मी काढलं तर फ्लॅटमागे महिना सहाशे येतं. गीझरपेक्षा बरं पण गॅसपेक्षा जास्त, आणि वर 22,000 घालायचे. हां, उद्या टेरेसवर विजेचं सोलर पॅनल बसवलं आणि नेट मीटरिंग (आपण ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होणं) झालं तर चित्र पूर्ण बदलतं, सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॉटला 18,000 अनुदान आहे. तेव्हा हीट पंपाचा विषय पुन्हा काढू, आज नाही.

सी-501: मग माझाच मुद्दा जिंकला ना, गॅस.

डी-304: अरे आपल्याकडे फुकटचं ऊन टेरेसवर पडतंय! सोलर चालू असेल तर बादली शून्य रुपये. दुरुस्तीला 4,000, गीझरवाल्यांचे चार-पाच महिन्यांत वसूल, तुझ्यासारख्या गॅसवाल्यांचे वर्षभरात. पुढची वर्षं नफा. शिवाय महापालिका घरपट्टीत सोलरची सवलत देते, ती यंत्रणा बंद पडलेली ठेवून घेणं मला पटत नाही. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा गीझर आहेच, फक्त सोलरची लाइन गीझरच्या इनलेटला जोडून घ्या, म्हणजे सोलरचं पाणी 35 डिग्रीला आलं तर गीझर फक्त वरचे सात डिग्री तापवेल.

ए-102: आणि माझ्या दोन बादल्या गार पाण्याचं काय?

डी-304: काकू, त्यासाठीच कोटेशनमध्ये एक गोष्ट वाढवायची आहे. खालून टाकीत परत जाणारी लाइन आणि टायमरवाला छोटा पंप. सकाळी पाचला पंधरा मिनिटं पाणी फिरवलं की पाइपातलं गार पाणी टाकीत परत जातं, मोरीत नाही. आणि ट्यूबवालंच सिस्टिम ठेवा, आपल्या बोअरच्या पाण्यात फ्लॅट प्लेट सोलरच्या (सपाट पॅनलवाला दुसरा प्रकार) कॉपरच्या बारीक नळ्या क्षाराने चोक होतात.

डी-304: आणि एक कळकळीची विनंती, ज्यांच्याकडे गॅस गीझर आहे त्या सगळ्यांना. तो बाथरूमच्या आत असेल तर आजच्या आज ड्राय बाल्कनीत हलवा. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही रंग नाही, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते, दरवर्षी थंडीत अशा बातम्या येतात. यात पैसे वाचवू नका.

सी-501: आमचा बाल्कनीत आहे. पण शेजारच्यांचा आत आहे, मी आज सांगतो त्यांना.

बी-602: आमच्याकडे वरच्या मजल्यावर प्रेशरच नाही, गॅस गीझर पेटतच नाही, सेल बदलून झाले. आम्हाला सोलरच पाहिजे.

सेक्रेटरी (बी-401): ठीक आहे. दुरुस्तीच्या कोटेशनमध्ये परतीची लाइन, टायमर आणि पंप वाढवून नवीन आकडा मागवतो. रविवारी दहाला प्लंबर येतोय, बी-602 आणि ए-102 दोघांनी घरी थांबा. टेरेसची किल्ली वॉचमनकडे आहे.

ए-102: थांबते. नळ सोडून घड्याळ लावूनच दाखवते त्याला किती वेळ लागतो ते.