स्प्रिंगवाल्या एअरगनमध्ये तुम्हाला देखणं काय वाटतं? (अनुभव धागा)

आर्वीकर (धागाकर्ता)

एअरगनचा विषय निघाला की मंडळी लगेच पॉवर, रेंज आणि स्कोपवर घसरतात. इथे ते नको. बंदूक नुसती बाजेवर ठेवली आहे, कुणी उचललेलीही नाही, तरी नजर कशावर अडकते तेवढंच लिहा. फक्त स्प्रिंगवाली. पीसीपीच्या (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या बंदुकीच्या) पोटाखालची ती हवेची टाकी मला आजवर कधी सुंदर वाटलेली नाही, त्यावर वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा.

माझं आधी सांगतो. मागचा जाड सिलिंडर आणि पुढची बारीक नळी, ही जोडी मला आवडते. मागे स्प्रिंग आणि पिस्टन मावायला हवेत म्हणून तो भाग जाड. पुढून जायचा तो ४.५ मिलिमीटरचा छर्रा, त्याला बारीक नळी पुरते. म्हणजे सजावटीसाठी कुणी काही केलेलं नाही, आतल्या कामानेच बाहेरचा आकार ठरवला आहे. जुन्या डायना ३५ मध्ये (डायना ही जर्मन कंपनी) हे प्रमाण फार नेमकं जमलंय. हल्ली नळीच्या टोकाला प्लास्टिकचा जाड दट्ट्या बसवतात. नळी मोडताना, म्हणजे स्प्रिंग ताणायला ती खाली वाकवताना, पकड चांगली मिळते, मान्य. पण सगळी रेघ तिथे येऊन मरते.

बहिरमवाला

मी पहिल्यांदा बंदूक पाह्यली ते बहिरमच्या जत्रेत. फुग्याच्या फळीसमोर टेबलावर बंदुका आडव्या ठेवेल राहे. नळीचा रंग उडून पांढरी पडेल, माशी (नेम धरायची पुढची खूण) वाकडी. दुकानदार मुद्दाम वाकडी करून ठेवते, असं सारे पोट्टे म्हणत. तरी मले तेच देखणी वाटे. काहून म्हणसान, तर दस्त्यावर जिथं गाल टेकते ना, तिथं किती लोकायचे गाल घासून घासून लाकूड आरशावानी चमके. बाकी सारा दस्ता काळा, तेवढीच जागा तांबूस. हे चमक कोणत्या कारखान्यातून येत नाही बाप्पा. आता घरी नवी हाय, लय चकचकीत. पाहुणे आले की तिचेच फोटो काढतात. मले तिच्यात पाहाण्यासारखं काही भेटत नाही.

रंधा-पटाशी, उमरेड

आमचं घर सुतारकीचं. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करतो, बाकी वर्षभर दारं-चौकटी. एकाने दस्ता तडकलेली जुनी बंदूक आणून दिली, इंडियन ह्यूम पाईप कंपनीची. म्हणाला, नवा करून दे. तेव्हापासून मी बंदूक पाहतो ती आधी लाकडाकडून.

पहिली गोष्ट मान. घोड्याच्या मागे जिथे मुठीत धरतो ती बारीक जागा. लाकडाची शीर तिथे लांबीने धावली पाहिजे. आडवी गेली तर दिसायला कितीही नक्षीदार असो, स्प्रिंगचा धक्का मागेही बसतो आणि पुढेही, तिथेच तडकते. सागवान हाताला हलकं आणि गुणाचं, पण फिकं दिसतं. शिसम जड, काळपट रेघांचं. मी शिसमच घेतलं, गिऱ्हाइकाने वजनाची तक्रार केली ती केली.

दुसरी गोष्ट लाकूड आणि लोखंड यांच्यातली फट. यावरून कारागीर ओळखावा. सिलिंडरला दिव्याची काजळी लावायची, खाचेत बसवायचा, उचलायचा. जिथे काळं उमटलं तिथे लाकूड उंच आहे, पटाशीने तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा बसव. कंटाळा येतो. पण शेवटी काजळी सगळीकडे सारखी उमटली की सिलिंडर लाकडात असा बसतो की मध्ये पोस्टकार्डाचा कोपरा जात नाही. कारखान्याच्या कित्येक बंदुकांत ही फट बोटाच्या नखाएवढी असते आणि लोक मात्र पॉलिश बघून वाहवा करतात.

वरून जवसाचं तेल. खोबरेल किंवा तिळाचं लावू नका, ते वाळतच नाही, चिकट राहून धूळ धरतं. जवस हवेतच घट्ट होतो. अगदी पातळ हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग पुढचा. आणि तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.

गडचिरोलीचा पाऊस

काळा सिंथेटिक दस्ता. फुगत नाही, तडकत नाही, तेल मागत नाही. झालं.

आर्वीकर (धागाकर्ता)

धाग्याचं नाव परत एकदा वाचा भाऊ.

फिटर काका, बडनेरा

सुताराने लाकडाचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. ब्लूइंग म्हणजे वरून मारलेला रंग नाही, लोखंडाच्याच पृष्ठभागावर बसवलेला काळा ऑक्साइडचा थर. म्हणून खालचं पॉलिश जसं, तसंच वर दिसणार. ट्यूबलाइटखाली बंदूक आडवी धरा आणि सिलिंडरवर पडलेली उजेडाची रेघ पाहा. ती सरळ गेली तर काम चांगलं. कुठे लचकली तर तिथे कुणीतरी पॉलिशपेपर जास्त दाबला आहे.

मग स्क्रू. खाचेचे काठ धारदार हवेत. कुरतडलेले दिसले की समजा, चुकीचा पेचकस लावून कुणीतरी उघडली आहे.

माझ्या डायनावर कंपनीच्या खुणेची ती डायना, रोमन लोकांची शिकारीची देवी, कोरलेली आहे. बंदूक डोक्यावर उंच धरलीय आणि धनुष्यबाण टाकून देतेय. नागपूरच्या एका दुकानात ब्लूइंग नवं करायला दिली, तर बफिंगवर घासून देवीचा चेहराच गुळगुळीत करून परत आणली. वर म्हणतात, नवी दिसते ना! नवीच दिसते, तीच तर पंचाईत. अक्षरांचे काठ गेले की बंदुकीचं वय गेलं.

घामाची बोटं तशीच ठेवू नका, पावसाळ्यात तर एका रात्रीत ठसा उमटतो. तेलाचा हलका फडका पुरे, तोही बाहेरून. सिलिंडरच्या आत तेल सोडलं तर दाबाने पेटतं आणि धूर निघतो, सील खराब होतं.

यवतमाळची ताई

मी जिल्हा पातळीवर दहा मीटर मारायचे. आमच्या सरांकडे जुनी फाइनवेर्कबाउ ३०० होती, स्पर्धेसाठीची जर्मन एअर रायफल. बाजूचा लिव्हर ओढून स्प्रिंग ताणायची, मग तो सिलिंडरला चिकटून सपाट बसायचा, जणू नव्हताच. पण तिचं खरं देखणेपण घोडा ओढल्यावर. वरचं सगळं यंत्र रुळावरून जरासं मागे सरकतं आणि दस्ता खांद्याला काहीच कळू देत नाही. मी बाजूला उभी राहून दुसऱ्यांना मारताना बघत बसायचे. आताच्या मॅच रायफली दाबलेल्या हवेच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या, नट-बोल्टांनी भरलेल्या. गुण जास्त येतात, हेही खरं.

आर्वीकर (धागाकर्ता)

मध्येच एक सूचना. एकाने बंदुकीशेजारी मारलेला पोपट ठेवून फोटो टाकला होता, काढायला लावला. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची बंदूक बिनपरवाना मिळते, म्हणून पाखरं मारायची मुभा मिळत नाही. वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे आणि पोपट त्यात येतो. संत्र्यावर येतात म्हणून कारण सांगू नका, माझ्याही बागेत येतात.

मेहकरची सूनबाई

बंदूक सासऱ्यांची, पुसायचं काम माझं. मला नळी मोडून उजेडाकडे धरायला आवडतं. अर्थात छर्रा नसताना. आत पिळाच्या रेघा गोल फिरत जाताना दिसतात. बाहेरून इतकी साधी वस्तू आणि आत एवढं बारीक काम! मामंजी म्हणतात त्यानेच छर्रा फिरत जातो. फिरो. मला रेघा आवडतात.

बहिरमवाला

फिटर काका, माझ्या जुन्या बंदुकीची नळी पांढरी पडली हाय. ब्लूइंग करू का तशीच ठेवू?

फिटर काका, बडनेरा

खड्डे पडले नसतील तर हात लावू नको. तेलाचा फडका मार अन् गालाच्या जागेला पॉलिश करू नको म्हणजे झालं. खड्डे असतील तर फोटो टाक, मग पाहू.