कोर्स : खाटीक, गुरांचा मालक की सिनेटर?

रानवाटा
यलोस्टोनहून ग्लेशियर नॅशनल पार्कला जाताना मोंटानात डीअर लॉजचं ग्रँट-कोर्स रँच पाहिलं. पोरं कंटाळली, अर्ध्या तासात निघालो. कॉनरॅड कोर्स राज्याचा सिनेटरही होता म्हणे. गुराखी राजकारणात कसा शिरला?

हेडी_सांगोला
गुराखी म्हणू नका हो! आधी तो खाटकाच्या दुकानातला नोकर. जन्म 1835 चा, आता जर्मनीत असलेल्या होल्स्टाइनमधला. पोरवयातच जहाजावर चढला. 1862 मध्ये सोन्यामागे मोंटानात आला आणि बॅनॅक या खाणगावात हँक क्रॉफर्डच्या दुकानात मांस कापू लागला. क्रॉफर्डने हेन्री प्लमरवर (तोच पुढे गावचा शेरीफ झाला) गोळी झाडली, प्लमर वाचला, मग क्रॉफर्डलाच गाव सोडावं लागलं. दुकान आलं कोर्सच्या हाती. खाणवाल्यांना सोनं मिळो न मिळो, रात्री मांस लागायचंच. दुकानाला माल हवा म्हणून गुरं, गुरांना चारा हवा म्हणून कुरण. 1866 मध्ये जॉनी ग्रँटचं रँच घेतलं ते असं.

आमचे आजोबा सांगोल्याच्या बाजारात हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी. रुमालाखाली बोटं धरायची, सौदा पक्का, कागद कसला? म्हणून मला 1886-87 चा हिवाळा वाचताना ते आठवले. उन्हाळा कोरडा गेलेला, कुरणं खरवडून खाल्लेली, त्यात बर्फ पडून वर कडक थर धरला. खालचं गवत गुरांना उकरता येईना. हजारोंनी मेली. भागीदार ग्रॅनव्हिल स्टुअर्टचं मन त्या धंद्यातून उडालं. कोर्सचाही कळप बहुतेक गेला. तेव्हा ब्यूटचा बँकवाला ए. जे. डेव्हिसने तारण न मागता 1 लाख डॉलर दिले. चार वर्षांत फेडलेही.

रानवाटा
भारीच. पण सिनेटचं राहिलंच की!

हेडी_सांगोला
हो, बाजारात शिरलं की मला बाहेर पडता येत नाही. गुरं चरायची सरकारी मोकळ्या रानावर. कुठल्या डागाचं (मालकाच्या डागून केलेल्या खुणेचं) जनावर कोणाचं, चोराला काय शिक्षा, सगळं कायद्यावर. म्हणजे ज्याची गुरं जास्त, त्याला विधिमंडळात जायची गरजही जास्त. प्रदेशाच्या विधिमंडळात तो आधीच बसलेला, 1889 मध्ये मोंटाना राज्य होताना घटना लिहिणाऱ्या परिषदेतही होता, पुढे राज्याच्या सिनेटमध्ये. त्यात निव्वळ लोकसेवा शोधू नका. आपल्याकडे साखर कारखान्याचा चेअरमन आमदार होतो, तेव्हा आपण कुठे चकित होतो?

मेघना_पोर्टलंड
कोर्सच्या बायकोचं, ऑगस्टाबाईंचं, नाव कुणीच काढलं नाही! 1868 मध्ये लग्न होऊन त्या घरात आल्या. कोर्स 1920 मध्ये गेला, बाई 1945 पर्यंत जगल्या. दिवाणखाना बघताना मला तर त्यांचाच हात दिसत होता. 1972 पासून रँच राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. अजूनही तिथे गुरं असतात. पोरांना आधी तिकडे न्या, घर नंतर.