मदत हवी आहे: पोर्शे घेतोय, पण टायर आणि स्पीडब्रेकरचं काय?

भावांनो, नाद पुरा होतोय! शाळेत वहीच्या मागच्या पानावर काढायचो ती पोर्शे केमन, सेकंडहँड का असेना, पुण्यात बघून टोकन देऊन आलोय. तीन रात्री झोप नाही. इंजिन सीटच्या मागं असतंय म्हटल्यावर आबा म्हणाले, "मग बॉनेटात काय, वैरण भरायची?"

आता अडचण. टायरवर २३१७ कोरलंय, म्हणजे २०१७ च्या २३व्या आठवड्यातले. नक्षी चांगली दिसतेय. तरी बदलायला लावू, का किंमत पाडून घेऊ? गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या करून घेतोय.

खरी धास्ती मात्र आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरची. असली बसकी गाडी पन्हाळ्याला कुणी नेलीय का? पोट घासतंय काय? अंबाबाईच्या दर्शनाला महाद्वार रोडवर न्यायची नाही, एवढं कळतंय.