प्रतिसाद : नेरळ–माथेरान मार्गाचा दुरुस्तीखर्च

तिकिटांच्या उत्पन्नातून दुरुस्तीचा खर्च कधीच निघत नाही, तेव्हा नेरळ–माथेरान हा डोंगरी रेल्वेमार्ग बंद करावा, या मताशी मी सहमत नाही; कारण त्यात हा खर्च कशामुळे वाढतो याचा विचारच झालेला नाही. आदमजी पीरभॉय कुटुंबाने 1904 ते 1907 दरम्यान सुमारे 16 लाख रुपयांत बांधलेल्या, रुळांमध्ये दोन फुटांचे अंतर असलेल्या या मार्गावर 1:20 (वीस फुटांत एक फूट) इतका तीव्र चढ आहे, आणि अशा घाटात रुळांचा खरा शत्रू गाडीचा भार नसून पावसाचे पाणी आहे. गटारे व मोऱ्या दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मोकळ्या केल्या नाहीत, तर पाणी रुळांखालील खडी आणि भराव घेऊन जाते, मग संरक्षक भिंतीच नव्याने बांधाव्या लागतात. शिवाय रस्ता जवळ नसलेल्या टप्प्यांत दगड आणि सिमेंट पोचवणे हेच महागडे काम ठरते.

2005 च्या अतिवृष्टीत बंद पडलेला मार्ग 2007 मध्ये पुन्हा सुरू झाला; 2019 च्या पावसात पुन्हा वाहून गेला आणि नेरळपासूनची सेवा ऑक्टोबर 2022 मध्येच पूर्ववत झाली. त्या वेळी काँक्रीटचे स्लीपर (रुळांखालचे आडवे आधार) आणि जाळीबंद दगडी भिंती घातल्या गेल्या, हे मला योग्यच वाटते.

माथेरानच्या वेशीवरील दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना बंदी आहे; अशा गावात ही गाडी केवळ पर्यटकांची हौस नाही. म्हणून निचऱ्याच्या देखभालीसाठी दरवर्षी स्वतंत्र, राखीव तरतूद असावी आणि ती तिकीटविक्रीशी जोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.